जुन्या निगेटिव्ह भराभर स्कॅन करायच्या तर: सॉफ्टवेअरची निवड आणि कामाचा क्रम

कपाटातून निगेटिव्हचा डबा निघतो, स्कॅनर आणला जातो, आणि पहिल्याच रविवारी आठ-दहा फ्रेम होऊन काम अडतं. मग दोष सॉफ्टवेअरवर येतो, दुसरं सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं आणि पुढच्या रविवारीही तेच होतं. वेळ बहुतेकदा स्कॅनच्या बटणापाशी जात नाही. तो जातो धूळ बसलेल्या पट्ट्या (रोलचे कापलेले तुकडे) पुन्हा स्कॅन करण्यात, प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा जुळवण्यात आणि गरज नसताना ६४०० डीपीआयवर (इंचामागे ६४०० ठिपके) यंत्र चालवण्यात.

म्हणून सॉफ्टवेअरची तुलना करताना दोन प्रकारचे वेळ वेगवेगळे मोजायचे. यंत्राचा वेळ म्हणजे स्कॅनर आपलं आपलं चालत असतो तो. हाताचा वेळ म्हणजे तुम्ही माउस धरून बसलेले असता तो. यंत्राचा वेळ दुप्पट झाला तरी त्या वेळात पुढची पट्टी साफ होते. हाताचा वेळ फ्रेममागे ३ मिनिटं गेला, तर ३६ फ्रेमच्या एका रोलला १०८ मिनिटं आणि २० रोलना ३६ तास लागतात. झटपट स्कॅनिंग म्हणजे हे ३६ तास कमी करणं.

## १. आधी ढीग लावा

स्कॅनर चालू करण्याआधी सगळ्या पट्ट्या प्रकाशासमोर धरून चार ढीग करा.

- रंगीत निगेटिव्ह: फिल्मचा तळ नारिंगी दिसतो.
- चांदीच्या इमल्शनची (चित्र धरणाऱ्या थराची) कृष्णधवल निगेटिव्ह: तळ राखाडी किंवा जवळजवळ पारदर्शक.
- १२० फिल्म: सुमारे ६ सेंटिमीटर रुंद, कडेला भोकं नसलेली. ज्या घरात अॅग्फा क्लिक-३ कॅमेरा होता तिथे ६×६ च्या चौकोनी निगेटिव्ह हमखास सापडतात. त्यांना वेगळा होल्डर, म्हणजे स्कॅनरमध्ये फिल्म धरणारी चौकट, लागतो.
- आजारी फिल्म: बुरशीची, चिकटलेली किंवा व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी.

रंगीत आणि कृष्णधवल पट्ट्या वेगळ्या करण्याला ठोस कारण आहे. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय, म्हणजे एप्सन स्कॅनरमधलं ‘डिजिटल आयसीई’ किंवा स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरपैकी सिल्व्हरफास्टमधलं ‘आयएसआरडी’ आणि व्ह्यूस्कॅनमधलं ‘इन्फ्रारेड क्लीन’, रंगीत फिल्मवर चालते, कारण रंगाच्या थरांमधून इन्फ्रारेड किरण आरपार जातात आणि फक्त धूळ नि ओरखडे त्यांना अडवतात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी स्वतःच किरण अडवते. सॉफ्टवेअर मग चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतं. भुवया, केस आणि साडीचे काठ विरघळल्यासारखे दिसले, तर ही सोय चुकून चालू राहिली आहे असं समजा.

अपवाद एकच. इलफर्ड एक्सपी-२ किंवा कोडॅक बीडब्ल्यू-४००-सीएन या फिल्म कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मच्या रसायनात धुतल्या जातात. त्यांच्यात चांदी उरत नाही, त्यामुळे त्यांच्यावर इन्फ्रारेड चालतं. शंका आली तर फिल्मच्या कडेवर छापलेलं नाव वाचा.

आंबट वास येणाऱ्या पट्ट्या सगळ्यांत आधी स्कॅन करा. अॅसिटेटचा तळ कुजायला लागला की तो आखडतो, वाकडा होतो आणि होल्डरमध्ये बसत नाही. त्या इतर निगेटिव्हपासून दूर ठेवा.

इशारा: प्लॅस्टिकच्या पिशवीला किंवा एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका. चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि तो थरच पिशवीबरोबर निघून येतो. अशा पट्ट्या बाजूला ठेवा आणि फिल्मचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवा.

## २. साफसफाई: इथली १० मिनिटं पुढचे २ तास वाचवतात

लागणारं सामान असं: रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, सुती हातमोजे, मायक्रोफायबरचं स्वच्छ कापड आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधांच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं अल्कोहोल नको. त्यातलं पाणी वाळताना डाग सोडतं.

1. पंखा बंद करा. ही पायरी सगळ्यांत जास्त विसरली जाते.
2. पट्टी कडेने धरून दोन्ही बाजूंनी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे बारीक थेंब फिल्मवर बसतात.
3. राहिलेले कण ब्रशने एकाच दिशेने काढा.
4. बोटांचे ठसे दिसले तरच कापडाच्या टोकाला अल्कोहोल लावून चकचकीत बाजू पुसा. मंद बाजूला, म्हणजे इमल्शनला, शक्यतो हात लावू नका.

बुरशी आलेली फिल्म पाण्याने धुण्याचा मोह आवरा. बुरशीमुळे जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होतं आणि पाणी लागलं की चित्रच वाहून जाऊ शकतं. कोकण-गोव्यात पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत जिलेटिन ओलावा धरतं, बोटांचे ठसे पटकन उमटतात आणि पट्टी काचेला चिकटते. विदर्भातल्या उन्हाळ्यात अडचण उलटी असते. कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज जमते आणि झटकलेली धूळ परत येऊन बसते. तिथे एका वेळी एकच पट्टी साफ करून लगेच होल्डरमध्ये घालावी.

तपासा: पट्टी दिव्याखाली तिरकी धरा. सरळ पाहिल्यावर न दिसणारे केस आणि कण तिरक्या उजेडात उठून दिसतात.

## ३. स्कॅनर आणि होल्डर

घरगुती कामात तीन प्रकारची यंत्रं आढळतात. एप्सन परफेक्शन व्ही-६०० किंवा व्ही-८५० सारखा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर), प्लसटेक ऑप्टिकफिल्मसारखा फक्त ३५ मिलिमीटरचा स्कॅनर, आणि मॅक्रो लेन्सचा, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारा, कॅमेरा. व्ही-६०० च्या होल्डरमध्ये एका वेळी ३५ मिलिमीटरच्या १२ फ्रेम बसतात, व्ही-८५० मध्ये १८. प्लसटेकमध्ये ६ फ्रेमची पट्टी बसते, पण प्रत्येक फ्रेम हाताने पुढे सरकवावी लागते. त्यामुळे त्याचा तपशील चांगला असला तरी तो तुम्हाला खुर्चीवरून उठू देत नाही. कॅमेऱ्याचं पुढे वेगळं पाहू.

फ्लॅटबेडवर या चार गोष्टी दर वेळी बघा.

1. झाकणाच्या आतली पांढरी गादी काढली आहे ना? फिल्मवर उजेड टाकणारा दिवा तिच्या मागे असतो. ती काढली नाही तर प्रिव्ह्यू पूर्ण काळा येतो आणि लोक ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतात.
2. होल्डरच्या वरच्या टोकाची मोकळी खाच झाकली गेलेली नाही ना? स्कॅनर त्या जागेतून स्वतःचा उजेड मोजतो. तिथे फिल्मचं टोक किंवा धूळ आली तर संपूर्ण स्कॅनवर उभ्या रंगीत रेघा येतात.
3. चकचकीत बाजू खाली. वरून पाहिल्यावर कडेची अक्षरं उलटी दिसली की पट्टी बरोबर बसली.
4. काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे ना?

वाकलेली पट्टी मध्येच काचेला टेकली तर तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं येतात. अशा पट्ट्या आम्लरहित कागदात घालून जाड पुस्तकाखाली दोन-तीन दिवस ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ती वलयं काढत बसण्यापेक्षा हे सोपं.

## ४. चाचणीच्या सहा फ्रेम निवडा

तुलना सगळ्यांत सोप्या, छान उजेडातल्या फोटोवर केली तर सगळी सॉफ्टवेअर सारखीच वाटतात. फरक अवघड फ्रेमवर कळतो. स्वतःच्या ढिगातून अशा सहा घ्या:

- दिवसा उजेडात काढलेली साधी फ्रेम
- फिकी निगेटिव्ह, म्हणजे कमी उजेडात काढलेला फोटो
- दाट, जवळजवळ काळी निगेटिव्ह
- जवळून काढलेला चेहरा
- ओरखडे आणि धूळ असलेली फ्रेम
- एकाच रंगाने भरलेली फ्रेम

शेवटची फ्रेम विसरू नका. लग्नाच्या अल्बममधली लाल शालूने भरलेली फ्रेम घ्या. आपोआप रंग जुळवणारं सॉफ्टवेअर फक्त ती एक फ्रेम बघतं, तांबडा रंग जास्त आहे असं ठरवतं आणि तो काढून टाकतं. नवरीचा चेहरा हिरवट-निळसर होतो. हळदीच्या फ्रेममध्ये पिवळा काढला जातो आणि मागची पांढरी भिंत निळी पडते. फिल्मच्या तळाचा नारिंगी रंग मात्र संपूर्ण रोलभर एकच असतो. जे सॉफ्टवेअर तो एकदा मोजून सगळ्या फ्रेमना लावू देतं, ते हाताचा वेळ वाचवतं. माझ्या मते निवडीची खरी कसोटी हीच.

## ५. सगळ्यांना एकच मोजमाप लावा

तुलनेआधी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टी समान करा, नाहीतर तुम्ही सॉफ्टवेअर नव्हे, सेटिंग मोजाल.

रिझोल्यूशन. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४×३६ मिलिमीटरची असते. २४०० डीपीआयवर तिचे सुमारे ३४००×२२७० पिक्सेल होतात, म्हणजे ७.७ मेगापिक्सेल. ८×१० इंची प्रिंटला ते पुरतात. ३२०० डीपीआयवर जवळपास १३.७ मेगापिक्सेल मिळतात, ६४०० वर सुमारे ५५. पण फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी खरा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. वरचे पिक्सेल फक्त फाइल फुगवतात आणि यंत्र हळू करतात. फ्लॅटबेडवर घरच्या फोटोंसाठी २४००, निवडक फ्रेमसाठी ३२००. यापुढे जाऊ नये.

बिट. रंगीतसाठी ४८ बिट, कृष्णधवलसाठी १६ बिट ग्रेस्केल. निगेटिव्हचा उजेड-अंधाराचा पल्ला अरुंद असतो आणि उलटवताना, म्हणजे निगेटिव्हचं पॉझिटिव्ह चित्र करताना, तो ताणावा लागतो. ८ बिट प्रति रंग असेल तर ताणल्यावर आकाशात पट्टे उमटतात.

जागा. ३२०० डीपीआय, ४८ बिट, टिफ (तपशील न गमावणारी फाइल): एका फ्रेमला सुमारे ८२ एमबी, ३६ फ्रेमच्या रोलला जवळपास ३ जीबी. २४०० वर रोलमागे सुमारे १.७ जीबी. हार्ड डिस्क आधी मोजून घ्या.

शार्पनिंग बंद. एप्सनमध्ये ‘अनशार्प मास्क’ बऱ्याचदा आधीपासूनच चालू असतो. तो चालू ठेवून केलेला स्कॅन दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या स्कॅनपेक्षा धारदार दिसतो आणि निकाल फसवा येतो.

इन्फ्रारेड एकदा बंद, एकदा चालू. चालू असताना स्कॅनर जास्तीची फेरी मारतो. किती वेळ वाढतो ते तुमच्याच यंत्रावर मोजा.

## ६. कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी

एप्सन स्कॅन २. स्कॅनरबरोबर फुकट येतं आणि शिकायला अर्धा तास पुरतो. लघुचित्रांचा प्रिव्ह्यू निवडला की ते फ्रेम स्वतः ओळखतं आणि सगळ्यांचा स्कॅन एका दमात करतं. पाच-दहा रोल असतील आणि फोटो घरच्यांना पाठवण्यापुरतेच हवे असतील, तर दुसरं काही विकत घेण्याची गरज नाही. दोन उणिवा मात्र आहेत. रात्रीच्या किंवा फिक्या फ्रेमची कड त्याला सापडत नाही, मग दोन फ्रेम जोडल्या जातात किंवा एखादी गळते. तेव्हा साधा प्रिव्ह्यू घेऊन चौकटी हाताने ओढाव्या लागतात. आणि प्रत्येक फ्रेमचा रंग ते वेगवेगळा ठरवतं. लाल शालूची अडचण इथे नक्की येते.

व्ह्यूस्कॅन. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मोठं बळ म्हणजे जुनी यंत्रं. निकॉन कूलस्कॅनसारखे उत्तम फिल्म स्कॅनर आजही हाताशी असतात, पण निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजपाशीच थांबलं. व्ह्यूस्कॅन ती यंत्रं चालवतं, आणि एकाच परवान्यात वेगवेगळे स्कॅनर चालतात. फिल्मसाठी प्रोफेशनल आवृत्ती घ्यावी लागते. मांडणी रूक्ष आहे, पर्यायांची यादी लांबलचक आहे आणि पहिल्या दिवशी गोंधळ उडतो. पण रोलचा रंग एकदाच मोजून कायम करण्याची सोय इथे स्पष्ट दिसते, आणि कच्ची फाइल, म्हणजे स्कॅनरने वाचलेली माहिती जशीच्या तशी, साठवून नंतर स्कॅनरशिवाय पुन्हा प्रक्रिया करता येते.

सिल्व्हरफास्ट. ‘निगाफिक्स’मध्ये फिल्मची कंपनी, नाव आणि आयएसओ निवडायचा, म्हणजे त्या फिल्मच्या नारिंगी तळाप्रमाणे रंग उलटवला जातो. फिल्मच्या कडेवर नाव छापलेलं असतं, त्यामुळे हे सोपं वाटतं. पण २५-३० वर्षं गरम कपाटात पडलेल्या फिल्मचे रंग फिके झालेले असतात आणि ताज्या फिल्मसाठी केलेलं प्रोफाइल तिला नेमकं बसतंच असं नाही. यादीत नसलेल्या फिल्मसाठी ‘इतर’ निवडून हाताने जुळवावं लागतं. रांगेत लावून एकामागून एक स्कॅन करणारा ‘जॉब मॅनेजर’ चांगला आहे. परवाना मात्र स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेला असतो. स्कॅनर बदलला की परवाना नवा. एकच यंत्र पुढची काही वर्षं वापरायचं असेल तरच यात पैसे घालावेत. आवृत्तीप्रमाणे सोयी बदलतात. कच्ची फाइल आणि रांगेची सोय तुमच्या आवृत्तीत आहे का ते खरेदीआधी पाहा.

निगेटिव्ह लॅब प्रो आणि डार्कटेबल. ही स्कॅनर चालवत नाहीत, फक्त निगेटिव्ह उलटवतात. निगेटिव्ह लॅब प्रो हे लाइटरूम क्लासिक या अॅडोबीच्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये बसणारं जोडसॉफ्टवेअर आहे. साध्या, क्लाउडवरच्या लाइटरूममध्ये ते चालत नाही. डार्कटेबल फुकट आहे आणि त्यातलं ‘निगाडॉक्टर’ मॉड्यूल हेच काम करतं. शिकायला वेळ जास्त लागतो, पण एका फ्रेमची सेटिंग सगळ्या रोलला एका झटक्यात चिकटवता येते.

इशारा: चाचणी आवृत्तीवर खरं काम सुरू करू नका. व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट चाचणीत फोटोवर खूण उमटवतात, निगेटिव्ह लॅब प्रो मोजक्याच फ्रेम उलटवू देतं. सहा फ्रेमच्या तुलनेला हे पुरेसं आहे.

## ७. घड्याळ लावून तुलना करा

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याच सहा फ्रेम करा आणि कागदावर चार रकाने आखा: मांडणी आणि प्रिव्ह्यू, यंत्राचा वेळ, हाताचा वेळ, पुन्हा कराव्या लागलेल्या फ्रेम. पहिली फेरी शिकण्याची म्हणून सोडून द्या, दुसरी मोजा.

मग तिसरा आणि चौथा रकाना बघा. पहिले दोन जवळपास यंत्रच ठरवतं. एखादं सॉफ्टवेअर ६ फ्रेमला ४ मिनिटं जास्त घेत असेल पण लाल शालू पहिल्या दमात बरोबर आणत असेल, तर ते जलद आहे.

तपासा: सहाही निकाल पडद्यावर शेजारीशेजारी लावा. एकाच रोलमधल्या दोन फ्रेममध्ये भिंतीचा किंवा कातडीचा रंग बदलत असेल, तर ते सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमला वेगळं वागवतंय. आठव्या पायरीतली सोय त्यात नसेल तर इथेच बाद करा.

## ८. रोलचा रंग एकदा मोजा, मग स्कॅन करा

व्ह्यूस्कॅनमध्ये हा क्रम असाच्या असा पाळा. एक पायरी मागेपुढे झाली तर पुढचा सगळा रोल चुकतो.

1. ‘इनपुट’मध्ये मोड ट्रान्सपरन्सी आणि मीडिया ‘कलर निगेटिव्ह’ ठेवा. पट्टी बसवून प्रिव्ह्यू घ्या.
2. निवडीची चौकट लहान करून फक्त दोन फ्रेममधल्या स्वच्छ नारिंगी फटीवर आणा. फट जेमतेम २ मिलिमीटर असते, म्हणून आधी प्रिव्ह्यू मोठा करून घ्या. चौकटीत होल्डरची काळी कड, फिल्मची भोकं किंवा चित्राचा तुकडा येता कामा नये. भोकातून येणारा पांढरा उजेड आत शिरला तर पुढचं सगळं मोजमाप बिघडतं.
3. ‘लॉक एक्स्पोजर’वर खूण करा.
4. पुन्हा प्रिव्ह्यू घ्या. ही पायरी गाळली की पुढचं लॉक जुन्या आकड्यांवर बसतं आणि सगळा रोल निळसर येतो.
5. ‘लॉक फिल्म बेस कलर’वर खूण करा.
6. चौकट परत फ्रेमएवढी करा, बॅच स्कॅन चालू करा आणि त्या रोलच्या सगळ्या पट्ट्या ओळीने घ्या.

इशारा: मोजमापासाठी रोलचं अगदी सुरुवातीचं टोक घेऊ नका. कॅमेऱ्यात रोल भरताना त्यावर उजेड पडलेला असतो, म्हणून ते दाट काळं असतं. हवी ती नारिंगी, स्वच्छ जागा.

रोल बदलला की लॉक काढून पुन्हा मोजा. कोडॅकचा तळ आणि फुजीचा तळ वेगळा असतो, आणि एकाच कंपनीचे दोन रोल दोन लॅबमध्ये धुतले असतील तरी फरक पडतो.

‘आउटपुट’मध्ये कच्च्या टिफ फाइलवर खूण करा आणि इन्फ्रारेड हवं असेल तर ६४ बिटची कच्ची फाइल निवडा. तिच्यात रंगांबरोबर इन्फ्रारेडचा थरही साठतो. पुढे धूळ काढण्याची मात्रा बदलावीशी वाटली, तर इनपुटचा स्रोत ‘फाइल’ करा आणि त्याच फाइलवर पुन्हा काम करा. निगेटिव्ह पुन्हा काढावी लागत नाही. धुळीची मात्रा ‘लाइट’ किंवा ‘मीडियम’ ठेवा. ‘हेवी’ बारीक तपशीलही पुसून टाकतो.

एप्सनने स्कॅन करून बाहेर उलटवायचं असेल तर फिल्मचा प्रकार मुद्दाम ‘पॉझिटिव्ह’ ठेवा, रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा आणि ४८ बिट टिफ काढा. चित्र नारिंगी आणि निगेटिव्हसारखंच दिसेल. तेच हवं आहे.

## ९. उलटवणं आणि रंग

निगेटिव्ह लॅब प्रोमध्ये बहुतेकांचा रंग एकाच कारणाने चुकतो: उलटवण्याआधी व्हाइट बॅलन्स घेतलेला नसतो. म्हणून स्कॅन करताना फ्रेमभोवती फिल्मची थोडी नारिंगी कड राहू द्या. लाइटरूममध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कडेवर टेकवा, सेटिंग सगळ्या रोलला सिंक करा, मग कड कापा किंवा कडेचा भाग हिशेबातून वगळणारा ‘बॉर्डर बफर’ वाढवा, आणि त्यानंतरच उलटवा. कड तशीच ठेवून उलटवलं तर सॉफ्टवेअर कडेलाच चित्रातला सगळ्यांत गडद भाग समजतं आणि फोटो मळकट येतो. तिसऱ्या आवृत्तीत ‘रोल अॅनालिसिस’ आहे, ते सगळ्या फ्रेम एकत्र बघून रंग ठरवतं. लाल शालूसाठी तेच वापरा.

उलटवल्यावर लाइटरूमचे स्लायडर उलटे चालतात. एक्स्पोजर वाढवला की चित्र गडद होतं. यात बिघाड काही नाही, कारण खाली चित्र अजून निगेटिव्हच असतं. पुढची दुरुस्ती करायची असेल तर पॉझिटिव्ह प्रत टिफमध्ये काढून तिच्यावर करा.

डार्कटेबलमध्ये आधी उजेड-अंधार जुळवणारं ‘फिल्मिक’ किंवा ‘बेस कर्व्ह’ मॉड्यूल बंद करा, कारण निगाडॉक्टर स्वतःचाच टोन लावतो आणि दोन्ही चालू राहिले तर चित्र फिकट पडतं. मग फिल्मच्या तळाचा रंग कडेवरून उचला, त्यानंतर घनतेची कमाल मर्यादा ठरवा, आणि शेवटी सावल्या नि उजळ भागांचे रंग. क्रम वरून खाली, मॉड्यूलमध्ये आहे तसाच. खालचा स्लायडर आधी हलवला तर वरचा बदलल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो.

तपासा: रोलमधली पांढरी वस्तू शोधा. सदरा, भिंत किंवा टोपी चालेल. ती तीन वेगवेगळ्या फ्रेममध्ये सारखीच पांढरी दिसते का?

## १०. रोल ५० च्या वर असतील तर कॅमेरा

इतक्या निगेटिव्ह असतील आणि डिजिटल कॅमेरा घरात असेल, तर फ्लॅटबेड सोडून द्यावा. इथे एका फ्रेमचा यंत्राचा वेळ म्हणजे शटरची एक क्लिक.

फुलफ्रेम कॅमेऱ्याला (ज्याचा सेन्सर ३५ मिलिमीटरच्या फ्रेमएवढा असतो) १:१ ची मॅक्रो लेन्स लागते. फिल्मच्या खाली ठेवायची उजेडाची पाटी सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरची घ्या. मोबाइलच्या पडद्यावर फिल्म ठेवून काढलेल्या फोटोत पडद्याचे ठिपके येतात. फिल्म पाटीपासून तीन-चार सेंटिमीटर वर धरा, म्हणजे पाटीवरची धूळ फोकसमध्ये येणार नाही. आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८, मॅन्युअल एक्स्पोजर, रॉ फाइल, २ सेकंदांचा टायमर. फ्रेमबाहेरची उघडी पाटी काळ्या कार्डशीटने झाका, नाहीतर तो उजेड लेन्समध्ये शिरून चित्र फिकट करतो.

कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे पाहायला लहान आरसा पुरतो. फिल्मच्या जागी आरसा ठेवा आणि लेन्समधून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मधोमध आलं की कॅमेरा समांतर झाला. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. एका बाजूचे चेहरे स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूचे पुसट येतात ते याच चुकीमुळे.

एक्स्पोजर रोलच्या पहिल्या फ्रेमवर ठरवा. स्वच्छ नारिंगी कड जळणार नाही, इतपतच हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे न्या. मग सगळा रोल त्याच आकड्यांवर काढा. ऑटो ठेवलंत तर प्रत्येक फ्रेमचा तळ वेगळा येईल आणि नवव्या पायरीचा काही उपयोग राहणार नाही.

कॅमेऱ्यात इन्फ्रारेड नाही. प्रत्येक कण हाताने पुसावा लागतो, म्हणून दुसरी पायरी इथे दुप्पट काळजीने करा. ओरखडे फार असलेले रंगीत रोल इन्फ्रारेडच्या स्कॅनरसाठी वेगळे काढावेत.

## ११. नावं, प्रती आणि मूळ पट्ट्या

नाव देताना आधी वर्ष, मग रोल, मग फ्रेम: १९८७_०४_१३. वर्ष माहीत नसेल तर दशक घाला. फ्रेमचा क्रमांक फिल्मच्या कडेवर छापलेला असतो तोच वापरा, म्हणजे पुढे मूळ निगेटिव्ह मिनिटात सापडते. व्ह्यूस्कॅनमध्ये फाइलच्या नावाअखेर अधिकचं चिन्ह (+) घातलं की आकडा आपोआप वाढत जातो.

कच्च्या फाइल एका फोल्डरमध्ये, उलटवलेल्या दुसऱ्यात. वाटण्यासाठी जेपेग एसआरजीबी या रंगपद्धतीत काढा. अॅडोबी आरजीबीतली फाइल मोबाइलवर फिकी दिसू शकते. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा आणि तिसरी घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर.

स्कॅन झालेल्या पट्ट्या जुन्या पिशव्यांत परत घालू नका. पीव्हीसीची पिशवी चिकट होते आणि फिल्मला धरते. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घाला, पाकिटावर रोलचा तोच क्रमांक पेन्सिलीने लिहा, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. कपाटातल्या डांबरगोळ्या डब्यात नकोत. पुडी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बदला.